केसाएवढ्या वाटेतले पाणी मोजणारे डॉक्टर प्वाझय

पहिल्या पावसाचे पाणी काळ्या रानातल्या भेगा गिळतात. भेगा मिटल्या की तेच पाणी सरीत उभे राहते, शेजारच्या मुरमाड माळावर मात्र लगेच जिरते. धाराशिवच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. काळ्या मातीत पोकळी भरपूर असते, पण फार बारीक. अशा बारीक वाटेतून पाणी किती जाते याचा हिशोब मांडला झाँ लिओनार मारी प्वाझय यांनी. शेतीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्यांचा जन्म १७९७ मध्ये पॅरिसला, एका सुताराच्या घरी झाला. १८१५ मध्ये नामांकित एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला, पण पुढच्याच वर्षी राजकीय कारणावरून संस्था बंद झाली आणि ते वैद्यकाकडे वळले. १८२८ च्या प्रबंधासाठी त्यांनी पाऱ्याच्या नळीने रक्ताचा दाब मोजला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या केशवाहिन्या पाहताना त्यांना दिसले, की कडेला चिकटलेला थर जवळजवळ थांबलेलाच असतो, मधलेच रक्त वाहते.

मग त्यांनी केसाहूनही बारीक काचेच्या नळ्या घेतल्या आणि त्यातून पाणी सोडून मोजत राहिले. १८४० च्या सुमारास निष्कर्ष पुढे आला: दाब आणि लांबी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर पाणी निम्मे नव्हे, सोळावा हिस्सा येते. पाणी कोमट असेल तर जास्त येते, हेही त्यांनी मोजले. जर्मन इंजिनिअर हागेन यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडले होते, म्हणून नियमाला दोघांचे नाव आहे.

आता हे रानात लावून पाहा. १ मिलिमीटरचे एक छिद्र आणि ०.१ मिलिमीटरची १०० छिद्रे, पोकळी सारखीच. पण दुसऱ्यातून पाणी शंभरावा हिस्साच जाते. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातला की नेमकी मोठी छिद्रे दबतात. सोयाबीन पिवळे पडते तेव्हा आपण खताला दोष देतो, पण एकदा चाकोरीत कुदळ मारून बघावे. जुन्या मायक्रोट्यूबच्या ठिबकचेही तसेच: क्षाराने व्यास दहावा हिस्सा घटला तरी पाणी सुमारे एक तृतीयांश कमी पडते. नागमोडी वाटेच्या ड्रिपरना हा हिशोब जसाच्या तसा लागू नाही.

१८४२ मध्ये प्वाझय वैद्यक अकादमीचे सदस्य झाले, विज्ञान अकादमीने मात्र त्यांना घेतले नाही. १८६९ मध्ये ते पॅरिसलाच वारले. द्रवाचा चिकटपणा मोजण्याच्या ‘पॉइज’ या एककात त्यांचे नाव राहिले आहे.