एव्हनकाठचा शेक्सपिअर

इंग्लंड मी पाहिलेले नाही. पण इंग्रजीच्या तासाला सरांनी स्ट्रॅटफर्डची छायाचित्रे दाखवली, तेव्हापासून ते गाव मनातून जात नाही. एव्हन नदीचा काठ, दुतर्फा झाडांची वाट आणि वाटेच्या टोकाला होली ट्रिनिटी हे जुने दगडी चर्च.

या चर्चच्या नोंदवहीत २६ एप्रिल १५६४ रोजी विल्यम शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. वडील जॉन हे हातमोजे शिवणारे कारागीर. पुढे ते नगराचे प्रमुखही झाले. पण कागदावर सहीऐवजी खूण करीत. विल्यमने विद्यापीठाची पायरी चढली नाही. अठराव्या वर्षी लग्न झाले आणि एकवीस वर्षांचा होण्याआधीच तो तीन मुलांचा बाप होता. पोटासाठी लंडन गाठले, नट झाला, नाटके लिहू लागला. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन या पदवीधर लेखकाच्या नावाने निघालेल्या पुस्तिकेत त्याला उपटसुंभ ठरवून हिणवले गेले. तो लिहीत राहिला.

१५९६ मध्ये त्याचा अकरा वर्षांचा मुलगा हॅम्नेट वारला. पुढच्याच वर्षी त्याने गावात मोठे घर घेतले. अखेर तो गावीच परतला. २३ एप्रिल १६१६ रोजी त्याचे निधन झाले आणि बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये, वेदीजवळ, त्याला पुरले. १६२३ मध्ये सहकारी नटांनी त्याची छत्तीस नाटके एका ग्रंथात छापली. त्यातली निम्मी तोवर छापलेलीच नव्हती!

एक गोष्ट मात्र मला टोचते. थोरली सुझॅना सही करी. पण हॅम्नेटची जुळी बहीण ज्युडिथ हिने १६११ च्या एका दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून खूणच केली आहे. ज्याने वकिलाच्या वेषात न्यायालय गाजवणारी पोर्शिया रंगवली, त्याच्या लेकीची ही सही!

माझ्या प्रवेश अर्जावर पालकाची सही म्हणून आबांचा अंगठा आहे. कारकुनाने शाईचे पॅड पुढे सरकवले, तेव्हा रांगेत उभी असलेली मी खाली मान घातली होती. आज त्या मान घालण्याचीच लाज वाटते. त्या अंगठ्याखाली विद्यार्थिनीची सही माझी आहे. एवढ्या मोठ्या नाटककाराच्या धाकट्या लेकीच्या वाट्याला जे आले नाही, ते माझ्या आबांनी मला दिले आहे.