रामयात्रेपासून एकांकापर्यंत : श्रीचक्रधरस्वामींचे वनातील परिभ्रमण

झाडीमंडळातील वासनिक बंधुभगिनींच्या मनात एक प्रश्न असतो. रिद्धपूर, पैठण, डोमेग्राम येथे पावलोपावली श्रीचरणांकित स्थाने आहेत. ओट्यापुढे मस्तक ठेवावे आणि त्या ठिकाणची लीळा आठवावी, एवढे भाग्य तेथील साध्या शेतकऱ्यालाही घरबसल्या लाभते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशात मात्र असे ओटे विरळ. स्थानवंदनासाठी येथील माणसाला धानाची कापणी-मळणी उरकून, गाठीला चार पैसे जमवून शेकडो मैल जावे लागते. ज्याला ते जमत नाही, त्याचे काय? परमेश्वराच्या सन्निधानाला आपला प्रदेश मुकला, असे त्याने समजावे काय? या प्रश्नाला तोंडदेखले समाधान पुरत नाही. श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रातच त्याचे उत्तर शोधले पाहिजे. आणि ते चरित्र एका यात्रेपासूनच सुरू होते.

भाद्रपद शुद्ध द्वितीया हा स्वामींचा अवतारदिन. इ. स. २०२१ पासून त्यांच्या अवताराचा अष्टशताब्दी महोत्सव महाराष्ट्रात ठिकठिकाणी साजरा झाला. मार्गातील परंपरा सर्वांस ठाऊकच आहे. द्वारावतीचे श्रीचांगदेव राऊळ यांनी आपला देह ठेवला आणि गुजरातेतील भडोच येथील प्रधानपुत्र हरिपाळ याच्या निष्प्राण देहात प्रवेश केला. हरिपाळ उठून बसला. प्रधान विशाळदेव आणि माल्हणदेवी यांचे घर आनंदाने भरून गेले. पत्नी कमळाइसेचे सौभाग्य परत आले. बाहेरून पाहणाऱ्याला हा राजवैभवातील तरुण पूर्वीसारखाच दिसत होता. तो संसार करीत होता आणि द्यूतही खेळत होता.

या द्यूतातूनच पुढची घटना घडली. एकदा डाव उलटला आणि मोठी रक्कम देणे झाली. हरिपाळदेवांनी पत्नीपाशी अलंकार मागितले, ते तिने दिले नाहीत. रक्कम पित्याने भरली. देणे फिटले खरे. परंतु ज्या संसारात स्नेहाची मर्यादा सोन्याच्या तोळ्यावर ठरते, त्याचे खरे रूप त्या दिवशी प्रकट झाले. परमेश्वरावताराला वैराग्य शिकावे लागत नाही. जीवांना शिकविण्यासाठी त्याने ते आचरून दाखविले, असा या प्रसंगाचा आशय मार्गात घेतला जातो. आपल्या घरातही असे प्रसंग घडत असतात. आपण त्यावर चार दिवस रुसतो आणि पुन्हा त्याच घडीत बसतो. स्वामींनी मात्र त्या प्रसंगाला शेवट मानले.

घर सोडण्यास निमित्त हवे होते. ते रामयात्रेचे झाले. विदर्भातील रामटेक हे त्या काळीही प्रसिद्ध क्षेत्र होते. मधला मुलूख यादवांचा, आणि यादवांचे व गुर्जरांचे वैर जुने. त्यामुळे पित्याचे मन पुत्राला पाठविण्यास तयार होईना. पुत्राचा निश्चय पाहून अखेर त्याने अनुज्ञा दिली आणि सोबत परिवार दिला. भडोचहून निघालेला हा प्रवास प्रधानपुत्राला शोभेल असाच होता. परंतु जसजशी वाट सरू लागली तसतसा परिवार मागे राहू लागला. कोणाला परत धाडले, कोणाला मध्येच ठेवले. शेवटी वाटेवर एकटे हरिपाळदेवच उरले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. आपण यात्रेला निघतो तेव्हा सामान वाढवीत जातो. शिधा, अंथरुण-पांघरूण, सोबती, आणि परतताना प्रसादाच्या पुड्या. स्वामींच्या यात्रेत प्रत्येक मुक्कामाला काहीतरी कमी होत गेले. जो रामटेकला निघाला तो प्रधानपुत्र रामटेकला पोहोचलाच नाही. रिद्धपुरातच त्याची यात्रा संपली.

रिद्धपूर हे आजच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. तेथे श्रीगोविंदप्रभू राज्य करीत होते. मार्गाच्या भाषेत राज्य करणे म्हणजे अवताराने लीळा करीत वास्तव्य करणे, हे वेगळे सांगावयास नको. लोकांना ते वेडे वाटत. ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरी शिरत, ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले त्यांच्या दारीही जात. हरिपाळदेव बाजारात आले तेव्हा श्रीप्रभू सेंगुळे आरोगीत होते. त्यांतील एक प्रसाद म्हणून त्यांनी पुढे टाकले. ते मुखी घेताच हरिपाळदेवांनी ज्ञानशक्ती स्वीकारली. जेथे मंदिर नव्हते, मुहूर्त नव्हता, मंत्रोच्चार नव्हता, अशा भरबाजारात महानुभाव मार्गाचा हा मूळ प्रसंग घडला. येथून पुढे हरिपाळ हे नाव मागे पडले आणि श्रीचक्रधर हे नाव उरले.

यानंतरचा काळ तो एकांक. रिद्धपुराच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगेत सालबर्डीचा डोंगर आहे. तेथे स्वामींनी परंपरेप्रमाणे बारा वर्षे वास केला. त्या डोंगरात मुक्ताबाई नावाच्या तपस्विनीची त्यांची भेट झाली. पुढे ते आंध्र देशात गेले. ओरंगल, म्हणजे आजचे वरंगळ, ही त्या वेळी काकतीय राजांची राजधानी होती. घोड्यांच्या व्यापाऱ्यांसह ते तेथे आले, हंसांबेशी त्यांचा विवाह झाला, आणि काही काळाने तो संसारही मागे ठेवून ते पुन्हा वाटेला लागले. वैभव एकदा सोडणारे पुष्कळ असतात. पुन्हा ते पुढ्यात येऊन वाढले गेले, आणि पुन्हा त्याच सहजपणाने मागे ठेवले गेले, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य.

याच परिभ्रमणात स्वामी भंडाऱ्यास आले. वैनगंगेच्या काठचे हे गाव झाडीचे द्वार होय. येथे नीळभट्ट यांना स्वामींचे दर्शन घडले. दर्शनासरशी त्यांचे मन घरावरून उठले आणि ते स्वामींबरोबर निघाले. मार्गात ते भांडारेकार या नावाने ओळखले जातात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैठणला पुढे जो शिष्यपरिवार जमला, त्याच्या कितीतरी आधी झाडीच्या या माणसाने अनुसरण केले. तेव्हा मार्गाला अद्याप आकार आलेला नव्हता. सूत्रे सांगितली गेली नव्हती. कोणी महंत नव्हता, मठ नव्हता. समोर केवळ एक एकाकी पुरुष होता आणि त्याच्यामागून जावे एवढेच कळत होते. आम्ही दूर राहिलो असे म्हणणाऱ्या झाडीच्या वासनिकांनी भांडारेकारांचे स्मरण अवश्य ठेवावे.

भंडाऱ्याहून वैनगंगा दक्षिणेला जाते. पवनी मागे टाकून ती ब्रह्मपुरी आणि आरमोरीच्या मधून वाहते, मार्कंड्यापाशी वळसा घेते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत विसर्जित होते. गोदावरीच्या पलीकडे ओरंगलचा मुलूख. सालबर्डी, भंडारा आणि ओरंगल ही तीन नावे नकाशावर मांडली म्हणजे साग, ऐन, मोह, टेंभूर आणि बांबूंचे हे अरण्य स्वामींच्या परिभ्रमणाच्या प्रदेशाला किती लागून आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

मग या अरण्यात ओटे का नाहीत? याचे कारण एकांक या शब्दातच आहे. ओटा उभा राहण्यास साक्षी लागतो. स्वामी येथे बसले, येथे आरोगणा झाली, येथे निद्रा झाली, हे पाहणारा आणि लक्षात ठेवणारा कोणीतरी असावा लागतो. पैठणनंतर बाइसा होत्या, नागदेवाचार्य होते, महदाइसा होत्या. स्वामींच्या गमनानंतर म्हाइंभटांनी या साक्षींच्या गाठी घेतल्या, जो तो प्रसंग ज्याने पाहिला त्याच्याकडे जाऊन विचारला, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र सिद्ध केले. एकांकाला असा साक्षी नव्हता. स्वामींनी पुढे भक्तांना ज्या गोष्टी स्वमुखे सांगितल्या तेवढ्याच आपल्याला कळल्या. बाकीची वर्षे अरण्यानेच पाहिली. ती वर्षे हरवली असे आपण म्हणतो; परंतु स्वामींना ती तशीच ठेवावयाची होती. त्यांनी साक्षी सोबत घेतला नाही, तो विसरून नव्हे.

याचा उलगडा त्यांनी पुढे शिष्यांना लावून दिलेल्या आचारात होतो. साधकाने महाराष्ट्रात राहावे, कानडी व तेलंगी मुलखाकडे जाऊ नये, मातापूर-कोल्हापूरसारख्या देवतांच्या अभिमानी स्थानी जाऊ नये, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा देशाच्या शेवटाला झाडाखाली दिवस कंठावेत, भिक्षेवर निर्वाह करावा आणि स्मरण करावे, अशी ती शिकवण आहे. येथे कोणी शंका घेतात. स्वामी स्वतः ओरंगलला गेले, राहिले. मग शिष्यांना तिकडे जाण्याची मनाई का? शंका रास्त आहे. त्याचे समाधान असे की, अवताराला विषय बांधीत नाही. हंसांबेचा संसार जसा त्यांनी स्वीकारला तसाच सोडला. साधकाची शक्ती तेवढी नसते. संपन्न आणि विषयबहुल देशात गेलेला साधक परत येईलच असे नाही. म्हणून स्वामींच्या कृतीचे अनुकरण करावयाचे नसून त्यांच्या आज्ञेचे पालन करावयाचे असते. मात्र एक गोष्ट त्यांनी स्वतः आचरली आणि शिष्यांनाही सांगितली, ती म्हणजे अनोळखी होऊन वनात राहणे. एकांक हा त्या आज्ञेचा स्वतः घालून दिलेला पाठ होय.

परिभ्रमणातील सशाची लीळा आबालवृद्धांस परिचित आहे. स्वामी झाडाखाली बसलेले असता पारधी आणि त्यांची कुत्री मागे लागलेला एक ससा धावत आला आणि त्यांच्या मांडीखाली दडला. पारध्यांनी आपले भक्ष्य मागितले. शरण आलेल्या जीवाला सोडता येत नाही, हे स्वामींनी त्यांना समजाविले. ज्याने काही अपराध केला नाही, जो गवत खाऊन रानात राहतो, त्याला का मारावे, असे विचारले. पारधी विरघळले व त्यांनी हिंसा सोडली. ते गेल्यावर स्वामींनी सशाला मोकळे केले. या प्रसंगात सशाचा प्राण वाचला हे तर खरेच. पण पारध्यांवर शस्त्र न उगारता, शाप न देता, त्यांना हलके न लेखता त्यांचे मन पालटले, हे अधिक मोलाचे.

झाडीतील माणसाला ही लीळा पोथीबाहेरची आहे. येथे पारध ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. इ. स. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आली. परंतु कायदा हात अडवितो, मन अडवीत नाही. आज चंद्रपूरच्या रानात पहाटे मोहफुले वेचावयास गेलेला माणूस वाघाच्या तोंडी पडतो. ज्याच्या घरातील कर्ते माणूस असे गेले, त्याला दयेचा उपदेश करणे जिभेला सोपे असले तरी ते न्यायाचे नाही. सशाला अभय देणे एक, आणि ज्याचे भय वाटते त्या जीवाविषयी द्वेष न धरणे दुसरे. दुसरे फार कठीण. आपल्या उपदेशकांनी झाडीत जाताना आधी त्या घराच्या दुःखाशेजारी बसावे, मग लीळा सांगावी. स्वामींनी पारध्यांनासुद्धा आधी माणूस म्हणूनच वागविले होते.

पुढील चरित्र थोडक्यात सांगणे पुरे. पैठण येथे एकांक संपला आणि परिवाराचा काळ सुरू झाला. बाइसा आल्या, नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट असे भक्त एकेक करून आले. स्त्रिया आल्या, हीन मानलेले आले, आणि सर्वांना एकच ज्ञान मराठीत मिळाले. यादव राजा रामचंद्राच्या कारकिर्दीत विरोध वाढला, छळ झाला, आणि तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. तत्पूर्वी त्यांनी भक्तांना श्रीप्रभूंच्या चरणी रिद्धपूरला जाण्यास सांगितले. म्हणजे ज्या गावी हरिपाळदेवांची यात्रा संपली, तेथूनच भक्तांची असन्निधानातील वाट सुरू झाली. नागदेवाचार्यांना विरहाचे दुःख अनावर झाले होते; पण त्या दुःखातही ते आज्ञेप्रमाणे चालत गेले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. स्थानवंदन हे श्रेष्ठ साधन आहे, याविषयी दुमत नाही. श्रीचरणांनी पवित्र झालेल्या भूमीला स्पर्श करणे म्हणजे स्मरणाला आधार मिळणे होय. ज्यांना शक्य आहे त्यांनी रिद्धपूरला अवश्य जावे. परंतु ओटा चुंबून घरी आल्यावर अलंकार आणि देण्याघेण्याच्या त्याच हिशेबात आपण बुडालो, तर रामयात्रेला निघालेल्या हरिपाळदेवांचे चरित्र आपण वाचलेच नाही असे होईल. ज्याच्याजवळ प्रवासाला पैसा नाही अशा वैनगंगेकाठच्या वासनिकाने खंत करू नये. अरण्यात, अनोळखी राहून, कोणी न पाहता स्मरण करणे, हा स्वामींनी स्वतः आचरलेला धर्म त्याच्या दाराशीच आहे. टेंभुराची पाने तोडताना, धानाच्या बांधावर बसताना, त्या एकाकी वाटसरूची मूर्ती त्याने मनापुढे आणावी. साक्षीला कोणी नसले तरी चालेल, एकांकातही नव्हता.

दंडवत प्रणाम.