'स्टुडंट' नावाचा माणूस

मॅथ्सच्या पेपरला 'स्टुडंट्स टी-टेस्ट' आली की वाटतं, ही आपल्यासारख्या स्टुडंट्ससाठी सोपी करून दिलेली टेस्ट असावी. मलाही तसंच वाटायचं. पण मित्रांनो, 'स्टुडंट' हे एका माणसाचं टोपणनाव आहे. खरं नाव विल्यम सीली गॉसेट.

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधल्या कँटरबरीला झाला. वडील लष्करात इंजिनीअर होते. त्यालाही तेच व्हायचं होतं, पण नजर कमजोर असल्याने ते जमलं नाही. मग ऑक्सफर्डला मॅथ्स आणि केमिस्ट्री शिकून तो १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत, म्हणजे चक्क बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागला.

तिथे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. थोडासा नमुना बघून सगळ्या मालाबद्दल किती खात्रीने बोलायचं? यीस्टच्या पेशी मोजायच्या, तर मायक्रोस्कोपखाली एका थेंबातल्याच मोजता येणार. या मोजणीतल्या चुकीवर त्याने १९०७ मध्ये पेपर लिहिला. त्या काळची सूत्रं मोठ्या सॅम्पलसाठी होती आणि याच्याकडे असायची जेमतेम चार-पाच रीडिंग्ज!

यावर उपाय शोधायला तो लंडनला कार्ल पिअरसनकडे शिकायला गेला. ३००० गुन्हेगारांची मापं कार्डांवर लिहून त्याने ती पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडून आपलं गणित तपासलं. १९०८ च्या पेपरमध्ये त्याने दाखवून दिलं, की सॅम्पल लहान असेल तर चुकीसाठी जास्त जागा सोडावी लागते, आणि ती किती हे काढता येतं. कंपनीला गुपितं फुटायची भीती, म्हणून स्वतःच्या नावाने छापायची परवानगी नव्हती. त्यामुळे पेपरवर नाव आलं 'स्टुडंट'.

गॉसेटला मासे पकडायचा भारी नाद होता. गळ टाकताना बोट हवी तशी वाहत राहावी म्हणून त्याने दोन्ही टोकांना सुकाणू असलेली बोट बनवली होती.

गंमत म्हणजे आज याच छंदात त्याचाच प्रश्न उभा आहे. अमेरिकेत हौशी मासेमारांनी वर्षाला किती मासे पकडायचे याची मर्यादा ठरते. पण प्रत्येक मासा कोण मोजणार? काही जणांना धक्क्यावर गाठून विचारतात, काहींना पोस्टाने फॉर्म पाठवतात आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतात. अंदाज जास्त धरला तर लोकांची हौस फुकट बुडते, कमी धरला तर मासेच संपायची भीती. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपरसाठी खासगी बोटवाल्यांना केंद्राच्या हद्दीत आधी फक्त ३ दिवस दिले होते. मग ३९ दिवस वाढवून दिले. म्हणून तिथले शास्त्रज्ञ धोक्याच्या आकड्याच्या थोडं अलीकडेच थांबतात. माहितीची खात्री जितकी कमी, तितकं जास्त अलीकडे. आकड्यासोबत त्यात किती टक्के चूक असू शकते तेही छापतात.

१६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी गॉसेट गेला. पिअरसन आणि फिशर यांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही, पण याची दोघांशीही मैत्री होती.

आणि आपण? प्रॅक्टिकलला तीन रीडिंग्ज घेतो, चौथं शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवतो आणि उत्तर लिहितो चार डेसिमलपर्यंत! पुढच्या वेळी तीनच असतील तर तीनच लिहू या, आणि शेजारी प्लस-मायनसही. मार्क कदाचित कमी पडतील, पण उत्तर तरी खरं असेल.