दमेकऱ्याचा कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ‘फुल फ्रेम’ हे शब्द हटकून असतात. ही ‘पूर्ण चौकट’ म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटर. हे माप कोणत्याही समितीने ठरवलेले नाही. ते एका दमेकरी कारागिराच्या अडचणीतून निघाले आहे, आणि म्हणूनच मला ऑस्कर बारनाकचे चरित्र आजही वाचण्याजोगे वाटते.

बारनाक १ नोव्हेंबर १८७९ रोजी ब्रांडेनबुर्गमधल्या लिनो या खेड्यात जन्मला. यंत्रकाम शिकून तो येना येथे त्साइसच्या कारखान्यात लागला. फोटोग्राफीचा नाद दांडगा, पण छाती अधू. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचांचा कॅमेरा आणि तिपाई घेऊन रानावनात हिंडणे त्याला झेपेना. धडधाकट माणूस ओझे वाहून नेतो. बारनाकला ते कमीच करणे भाग होते.

१९११ मध्ये तो वेट्झलरला, लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट १८ बाय २४ असे. बारनाकने फिल्म आडवी चालवली आणि दोन चौकटींची एक केली. १९१४ पर्यंत खिशात मावणारा धातूचा कॅमेरा तयार झाला. नेगेटिव्ह लहान ठेवायची, चित्र मात्र मोठे करून छापायचे, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी लागणारे काटेकोर भिंग पुढे माक्स बेरेक याने रचले.

या लहान चौकटीने ओझ्याखेरीज आणखी काही बदलले. चौकट लहान, म्हणून तेवढेच दृश्य घ्यायला ५० मिलिमीटरचे भिंग पुरते; काचेच्या कॅमेऱ्याला सुमारे २५० मिलिमीटरचे लागते. एकाच जागेवरून दोन्हींनी फोटो काढून सारख्याच आकारात छापले, तर लहान कॅमेऱ्याला एफ ३.५ वर पुढचे-मागचे जितके स्पष्ट मिळते, तितके मिळवायला मोठ्याला जवळजवळ एफ १८ पर्यंत छिद्र बारीक करावे लागते. मग प्रकाश पंचवीसेक पट कमी, म्हणजे तिपाई आलीच! हातात धरून, चालत्या रस्त्याचा, खोलवर स्पष्ट फोटो शक्य झाला तो असा. १९२० मध्ये वेट्झलरला पूर आला, तेव्हा बारनाकने पाण्यात बुडालेले गाव याच पद्धतीने टिपले.

यथार्थदर्शन म्हणजे पर्स्पेक्टिव्ह मात्र चौकटीच्या आकाराने बदलत नाही. जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा किती मोठी दिसेल, हे फक्त उभे राहण्याच्या जागेवर ठरते. पण हलक्या कॅमेऱ्याने छायाचित्रकाराचे पाय मोकळे केले. तो वाकू लागला, गर्दीत शिरू लागला, जिन्यावर चढू लागला. जागा बदलली आणि तिच्याबरोबर यथार्थदर्शनही.

महायुद्धाने दहा वर्षे खाल्ली. १९२४ मध्ये जर्मनीची आर्थिक घडी विस्कटलेली असताना धाकट्या एर्न्स्ट लाइट्झ यांनी उत्पादनाचा धोका पत्करला. कामगारांच्या हाताला काम हवे होते. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लाइट्झ आणि कॅमेरा या शब्दांतून जुळवलेला ‘लायका’ लोकांपुढे आला.

१६ जानेवारी १९३६ रोजी बारनाक वारला. आज मोबाइलमधला सेन्सर त्याच्या चौकटीहून कितीतरी लहान असतो. त्यात जवळपास सगळेच स्पष्ट येते, म्हणून पार्श्वभूमी पुसट करायला संगणकी हिशेब लागतो. कुठे उभे राहायचे हा हिशेब मात्र आजही ज्याचा त्यालाच करावा लागतो.