फुटक्या नळीची दुनळी आणि जिम कॉर्बेट

नक्षी कोरलेली जुनी दुनळी बंदूक कुणी विकायला काढली, की जाणकार गिऱ्हाईक नक्षी सगळ्यात शेवटी बघतं. आधी बंदूक उघडून नळ्या उजेडाकडे धरायच्या. आत गंजाचे खड्डे आहेत का ते बघायचं. मग बंदूक मिटल्यावर नळ्या आणि मागचं पोलाद यांच्यात फट राहते का, लाकडी दस्ता तडकलाय का, हे तपासायचं. ही परीक्षा लावली तर वाघांचा शिकारी म्हणून जगभर गाजलेल्या जिम कॉर्बेटच्या हातात आलेल्या दोन बंदुका सरळ भंगारात गेल्या असत्या.

कॉर्बेट जन्मला नैनीतालला, २५ जुलै १८७५ रोजी. वडील तिथले पोस्टमास्तर. पोर सहा वर्षांचं नाही झालं तोच वडील गेले. घरात माणसं भरपूर, पैसा बेताचा. आठेक वर्षांचा असताना एका चुलतभावाने त्याला बंदूक दिली. दुनळी, पण ठासणीची. म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, तशी आपल्या कोकणात अजून बघायला मिळते. दारू जास्त ठासल्यामुळे उजवी नळी केव्हाच फाटलेली. दस्ताही तडकलेला, पितळी तारेने गुंडाळून धरलेला. चालायची फक्त डावी नळी.

पण त्या पोराला तेवढी पुरे होती. दारू-छर्रे महाग, बार एकच. त्यामुळे अगदी जवळ जायचं, पाचोळा वाजू द्यायचा नाही आणि खात्री झाल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, ही सवय लागली. मला विचाराल तर पुढचा कॉर्बेट इथंच घडला.

मोठेपणी त्याने रेल्वेत नोकरी धरली. बिहारात गंगेकाठी मोकामा घाटावर मालाची चढ-उतार करून घ्यायची, असं ते काम. वीसेक वर्षं त्याने तेच केलं. शिकार हा त्याचा धंदा कधीच नव्हता.

१९०७ साली त्याला कुमाऊँतल्या चंपावतच्या वाघिणीमागे धाडलं गेलं. तिने आधी नेपाळात २०० आणि नंतर कुमाऊँत २३६, अशी ४३६ माणसं मारली होती. दिवसाढवळ्या गवत-लाकडाला गेलेल्या बायका उचलायची. गावं दारं लावून आत बसलेली, पिकं शेतात तशीच. कॉर्बेटने सरकारला दोनच अटी घातल्या: बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. पैशासाठी वाघ मारणारा म्हणून त्याला नाव नको होतं.

चंपावतच्या तहसीलदाराने हाका घालायला जवळपास ३०० माणसं जमवली. कुणी विनापरवाना बंदूक घेऊन आलं तरी विचारणार नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलेलं! वाघीण निघाली तेव्हा तहसीलदाराने वरून दोन्ही नळ्या झाडल्या. नेम चुकला, पण वाघीण वळली आणि कॉर्बेटच्या बाजूला आली. कॉर्बेटजवळ रायफलीची काडतुसं तीनच. ती संपली, वाघीण जखमी, पण उभी. तो पळत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. वीस फुटांवर पोचून बघतो तर बंदुकीच्या नळ्या आणि मागचं पोलाद यांच्यात तब्बल तीन सुतांची फट! बार मागे उलटला असता तर डोळे गेले असते. तरीही त्याने बार टाकला. नेम तोंडाचा होता, गोळी लागली पुढच्या उजव्या पंजाला. ती इतकी वरवर बसली होती, की नंतर त्याने नखांनी उकरून काढली. वाघीण मेली ती आधीच्या रायफलीच्या जखमांनी.

नंतर तिचं तोंड तपासलं. उजवीकडचा वरचा सुळा निम्मा तुटलेला, खालचा तर हाडापर्यंत गेलेला. कुणीतरी पूर्वी अर्धवट मारलेल्या गोळीची ही खूण. त्या सुळ्यांनी जंगलातली शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांवर उतरली, असं कॉर्बेटचं मत पडलं. आता बघा, एक चुकार गोळी आणि ४३६ माणसं.

काही महिन्यांनी नैनीतालला दरबार भरला. लेफ्टनंट गव्हर्नर ह्यूएट यांनी तहसीलदाराला लेख कोरलेली बंदूक दिली. कॉर्बेटलाही त्यांच्याकडून रिगबी कंपनीची रायफल मिळाली, दस्त्यावर चंपावतचा उल्लेख कोरलेली चांदीची पट्टी. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारताना रिगबीच त्याच्या हातात होती.

नंतर त्याने बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त वापरला. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी गावाची जमीन त्याच्याकडे होती. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून त्याने गावाभोवती दगडी भिंत घातली. डुकरांचा त्रास आपल्याला काही नवा नाही, त्यामुळे वाघांपेक्षा या भिंतीचं कौतुक मला जास्त वाटतं.

१९४७ च्या नोव्हेंबरात तो बहिणीसोबत केनियाला गेला. १९ एप्रिल १९५५ रोजी तिथंच वारला. दोन वर्षांनी उत्तराखंडातल्या राष्ट्रीय उद्यानाला त्याचं नाव मिळालं. चांदीच्या पट्टीची रायफल त्याच्या इंग्लंडमधल्या प्रकाशकांकडे गेली आणि २०१५ मध्ये रिगबी कंपनीनेच ती विकत घेतली. संग्राहकांच्या लेखी ती आज अमोल आहे. केनियाला जाताना मात्र त्याने एक साधी बंदूक छोटी हल्द्वानीतच ठेवली, एका गावकऱ्याकडे, राखणीसाठी.