विस्मृत स्वरांचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील संगीतसभांत प्रामुख्याने समकालीन रचना सादर होत. थोर संगीतकारांच्या कृतीही त्यांच्या पश्चात विस्मृतीत जात. १७५० साली निधन पावलेले योहान सेबास्टियन बाख यांच्या अनेक रचनांचे असेच झाले होते. ही स्थिती पालटण्यात फेलिक्स मेंडेल्सझोन यांचा मोठा वाटा आहे.

मेंडेल्सझोन यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८०९ रोजी जर्मनीतील हँबुर्ग येथे झाला. त्यांचे बालपण बर्लिनमध्ये गेले. किशोरवयातच आजीने त्यांना बाख यांच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची हस्तलिखित प्रत भेट दिली. येशू ख्रिस्ताच्या यातना व मृत्यू यांवरील ही भव्य रचना अनेक दशके जाहीरपणे सादर झाली नव्हती. ती लोकांना ऐकवण्याचा ध्यास मेंडेल्सझोन यांनी घेतला. त्यांचे गुरू त्सेल्टर यांना हे धाडस वाटले. पण अखेर त्यांनी संमती दिली. ११ मार्च १८२९ रोजी विशीतील या तरुणाच्या संचालनाखाली बर्लिनमध्ये ती रचना पुन्हा निनादली. जागेअभावी अनेकांना परतावे लागले.

मात्र हा प्रयोग मूळ रचनेबरहुकूम नव्हता. नव्या श्रोत्यांना ती जड जाऊ नये म्हणून अनेक एकलगीते गाळली होती. प्रचारातून गेलेल्या काही वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट योजले होते. जुनी कृती जगवायची तर ती बदलावी की जशीच्या तशी ठेवावी, हा पेच मेंडेल्सझोन यांच्यापुढे होता.

१८३५ साली ते लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचे संचालक झाले. १८३८ मध्ये त्यांनी बाखपासून पुढच्या संगीतकारांच्या रचना कालक्रमाने सादर करणारी मैफलमाला योजली. त्यामुळे संगीताची वाटचाल श्रोत्यांना कानांनी अनुभवता आली. १८४१ साली, बाख यांनी जेथे सेवा केली त्या सेंट थॉमस चर्चमध्ये त्यांनी ‘पॅशन’ पुन्हा सादर केले आणि पूर्वी गाळलेले काही भाग परत घेतले. पुढे हँडेल यांच्या एका रचनेचे संपादन करताना, मूळ स्वरलिपीत संपादकाच्या खुणा मिसळू नयेत, असा आग्रह त्यांनी धरला.

४ नोव्हेंबर १८४७ रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जुन्या संगीताला जिवंत श्रोता हवा, तसाच इतिहास जाणणारा वादकही हवा, ही जाण त्यांच्या कार्यातून पुढील पिढ्यांना लाभली.