रुडॉल्फ डिझेल : नेमक्या क्षणाचा शोध

डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली की बहुतेक मालक कुरकुर करतात. गाडी सुरळीत चालली आहे, जुना पट्टाही वरकरणी धडधाकट दिसतो, मग हा खर्च कशासाठी, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. या सवालाचे उत्तर ज्या इंजिनात दडले आहे, त्याच्या जनकाचे आयुष्यही अशाच एका नेमक्या क्षणाच्या शोधात गेले. आज ज्यांचे नाव इंधनालाच चिकटले आहे, ते रुडॉल्फ डिझेल.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे बव्हेरियातले. वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनविण्याचा छोटा व्यवसाय होता. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले, पण बारा वर्षांच्या रुडॉल्फची पाठवणी ऑग्सबुर्गला नातलगांकडे झाली. तेथेच आपण अभियंता व्हायचे, हे त्याने ठरवून टाकले.

पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल फॉन लिंडे यांच्यासारखे गुरू लाभले. वाफेचे इंजिन इंधनातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्साच कामी लावते, बाकीची वाया जाते, हे लिंडे यांच्या व्याख्यानांतून कळले आणि ते या तरुणाच्या मनाला लागून राहिले. विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा हुकली. पण १८८० मध्ये ती देऊन ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. त्यानंतर लिंडे यांच्याच शीतयंत्रांच्या व्यवसायात दहा-बारा वर्षे त्यांनी नोकरी केली. मनात मात्र इंजिन घोळतच होते.

त्यांची कल्पना सांगायला सोपी होती. हवा खूप दाबली की ती तापते. ती इतकी दाबावी, की आत सोडलेले इंधन ठिणगीवाचूनच पेट घेईल. मोठ्या कारखान्यांच्या वाफेच्या यंत्रांपुढे हतबल झालेल्या लहान कारागिरालाही असे काटकसरी इंजिन हाताशी मिळावे, हाही हेतू त्यामागे होता. या कल्पनेचे पेटंट त्यांना १८९३ मध्ये मिळाले आणि ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात प्रयोग सुरू झाले.

१० ऑगस्ट १८९३ रोजीच्या पहिल्याच चाचणीत स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरण फुटले. इंजिन आपल्या बळावर चालले नाही. पण दाबाने इंधन पेटते, हे सिद्ध झाले. हे इंजिन सुरुवातीला कारखान्याच्या सामाईक दांड्यावरून पट्ट्याने फिरवावे लागे. १८९४ च्या फेब्रुवारीत एके दिवशी यंत्रापाशी उभ्या असलेल्या कारागिराला दिसले, की पट्ट्याचा ताण पालटला आहे. आता दांडा इंजिनाला फिरवीत नव्हता, इंजिनच दांड्याला ओढीत होते. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली आणि डिझेल यांना काय झाले ते उमगले. ते बळ मिनिटभरच टिकले. पण एका पट्ट्याने इंजिनाच्या जन्माची वार्ता दिली होती.

उरले ते वेळेचे गणित. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचत असतानाच इंधन आत पडले पाहिजे, आणि झडपा ठरल्या क्षणीच उघडल्या-मिटल्या पाहिजेत. हे साधायला आणखी तीन वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मधील अधिकृत चाचणीत इंजिनाने इंधनातील २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामी लावली. वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते.

इंजिनाची वेळ साधली, पण बाजाराची चुकली. पुरेसे पक्के होण्याआधीच इंजिन विक्रीला आले. ती बंद पडू लागली, ग्राहक ती परत पाठवू लागले. पेटंटवरून वाद झाले. परवान्यांतून मिळालेली दौलत जमिनीच्या व्यवहारांत आणि म्युनिकच्या आलिशान घरात विरून गेली. प्रकृती ढासळली. इकडे इंजिन मात्र सुधारत गेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि १९१२ मध्ये डिझेल इंजिनांवर चालणारे ‘सेलँडिया’ हे डॅनिश मालवाहू जहाज दूरच्या सागरी प्रवासाला निघाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. ते कर्जात पुरते बुडालेले होते. आत्महत्या की अन्य काही, याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही.

त्यांच्या हयातीत हे इंजिन मोटारीत मावण्याजोगे नव्हते, कारण इंधन आत ढकलण्यासाठी हवेचा अवजड कॉम्प्रेसर लागे. १९२७ मध्ये बॉशचा इंधनपंप बाजारात आला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल मोटार रस्त्यावर आली. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि विहिरीवर पाणी उपसणारे डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. लहान माणसाच्या हाती बळ देण्याचे डिझेल यांचे स्वप्न निदान तेथे तरी खरे ठरले.

मोटारीत वेळ राखण्याचे काम पुढे दातेरी रबरी पट्ट्याकडे आले. १९७६ च्या डिझेल गोल्फमध्ये एकच पट्टा झडपांचा कॅमशाफ्ट आणि इंधनपंप दोन्ही फिरवी. काही इंजिनांत आजही साखळी किंवा दातेरी चाके असतात. पट्टा असेल तर मात्र त्याचे आयुष्य मोजून द्यावे लागते. डिझेल इंजिनात दाब फार, म्हणून पिस्टन आणि झडप यांच्यातील मोकळी जागा अगदी थोडी. पट्टा तुटला की झडपा थांबतात, पिस्टन मात्र वेगात वर येऊन त्यांवर आदळतात. झडपा वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. पट्टा बहुधा सूचना न देता तुटतो. म्हणूनच उत्पादकाने नेमून दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तो बदलायचा. त्याबरोबर ताण देणारी चाकी, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही. जाणता मिस्त्री खुणा जुळवून नवा पट्टा बसवतो, क्रँकशाफ्ट हाताने दोन फेरे फिरवतो, खुणा पुन्हा जुळल्या की मगच किल्ली लावतो.

त्या दोन फेऱ्यांत डिझेल यांच्या तीन वर्षांच्या कष्टांचे सार आहे. त्यांच्या इंजिनाने पहिले बळ दाखविले तेही एका पट्ट्याने ओळखले आणि त्यांचे स्वतःचे नुकसान झाले ते घाईने. पट्टा तुटण्याआधी बदलणारा मालक यांतली दुसरी चूक तेवढी टाळत असतो.